धाकट्यांची सरशी

बुलढाण्याचें पठार जेथें संपतें आणि डोंगराची कड उत्तरेस मलकापूरच्या काळ्या सपाटीकडे उतरूं लागते, तेथें घाटाच्या पायथ्याशीं रोहिणखेड हें गांव आहे. आज तें मोताळा तालुक्यांतील एक खेडें म्हणूनच ओळखलें जातें. परंतु दख्खनच्या तवारिखांतून त्याचें नांव दोनदां येतें, आणि दोन्ही वेळां लढाईच्या निमित्तानें येतें. गांवांत १५८२ सालीं खुदावंतखान महदवी यानें बांधविलेली एक देखणी मशीद आहे. ती पाहावयास कधीं कधीं कोणी अभ्यासू प्रवासी येतो. लढाया मात्र कोणी पाहावयास येत नाहीं, कारण रणांगणावर पाहण्यासारखें कांहीं उरतच नसतें. तेथें आज कपाशी उभी असते.

पहिली लढाई १४३७ सालची. खानदेशचा नासिरखान वऱ्हाडांत घुसला, वऱ्हाडांतील बरेच सरदार त्यास जाऊन मिळाले, आणि बहामनी सुलतानाचा सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यांत कोंडला गेला. अशा वेळीं दौलताबादेकडून आलेल्या खलफ हसन बसरी यानें नासिरखानास येथें गांठून मोडलें व बऱ्हाणपुरापर्यंत पिटाळीत नेलें.

दुसरी लढाई अधिक मनोरंजक आहे. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल हा अल्पवयी मुलगा बसविलेला होता आणि सर्व सत्ता जमालखान या सरदाराच्या हातीं होती. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा अकबराच्या आश्रयास राहिलेला. मुलाच्या हातून गादी घेण्यास निघालेल्या या बापास एकदां वऱ्हाडांत शिरून मार खाऊन परतावें लागलें होतें. अकबरानें देऊं केलेली फौज त्यानें नाकारली व खानदेशचा राजा अलीखान याच्या मदतीवर भिस्त ठेवली. दक्षिणेकडून विजापूरकरही चालून आले. जमालखानानें प्रथम दक्षिणेकडे वळून धाराशिवाजवळ विजापूरच्या फौजेचा सपशेल पराभव केला. त्या दिवशीं कोणी पैज लावली असती तर ती जमालखानावरच लावली असती. पण तो विजयाच्या भरांत तसाच मजल दरमजल करीत उत्तरेस निघाला, त्याचीं माणसें व जनावरें थकलीं, वाटेंत वऱ्हाडचे सरदार बुऱ्हाणास मिळाले. आणि ऐन उन्हाळ्यांत तो रोहिणखेडच्या घाटाशीं येऊन पाहतो तों घाटही शत्रूनें धरलेला व पाणीही शत्रूनें धरलेलें. तहानेनें कासावीस झालेली ती विजयी फौज येथें लढली. जमालखान गोळी लागून पडला, आणि ज्याचा कोणी हिशेबही धरला नव्हता तो बुऱ्हाण अहमदनगरच्या गादीवर जाऊन बसला. हें १५९१ सालीं झालें.

हा वृत्तांत आम्ही एका सुटींत आमच्या एका भाच्यास सांगत होतों. तो पुण्यास शिकतो आणि फुटबॉलच्या वेडानें पुरता झपाटलेला आहे. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि तो म्हणाला, “मामा, हें तर युरोपांत दर आषाढांत होतें.” प्रथम ती थट्टाच वाटली. पण त्यानें जें सांगितलें तें पुढें आम्ही वाचून व ताडून पाहिलें, आणि त्यांतूनच हा लेख निघाला. इतिहासाच्या अभ्यासकानें खेळाकडे वळावें हें कांहीं वाचकांस हलकेपणाचें वाटेल. त्यांस इतकेंच सांगतों कीं, बलाढ्य कां हरतात हा प्रश्न जुन्या बखरींत जितका सुटत नाहीं तितका कधीं कधीं नव्वद मिनिटांच्या खेळांत सुटतो. कारण तेथें सर्व साक्षीदार जिवंत असतात.

युरोपांत १९५५ सालीं निरनिराळ्या देशांच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक जोडीनें दोन सामने खेळावयाचे, एक आपल्या घरीं व एक परक्याच्या घरीं. दोहोंचे गोल मिळवून जो पुढें तो पुढच्या फेरींत, मागें तो बाहेर. नियम साधा व निष्ठुर होता; पण त्यांत माद्रिदच्या संघास आणि लक्झेंबर्गच्या संघास एकाच दारानें आंत यावें लागे. पुढें दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि थोरांस असें वाटूं लागलें कीं, एका वाईट संध्याकाळीं आपली वर्षाची कमाई बुडावी हें बरें नव्हे. १९९२ सालीं स्पर्धेचें नांव बदललें व त्याच सुमारास तिच्यांत गटवार सामने आले. १९९४ पासून तीन वर्षें तर लहान देशांच्या विजेत्यांस या स्पर्धेंत पाऊलच ठेवूं दिलें नाहीं. त्यांस दुसऱ्या, कमी मानाच्या स्पर्धेकडे वळविण्यांत आलें. आपल्या देशांत अजिंक्य, आणि तरीही युरोपच्या विजेत्यांत गणना नाहीं, अशी ही विचित्र स्थिति होती. १९९७ सालीं दार पुन्हां उघडलें. मात्र त्यापुढें पायऱ्या बांधल्या गेल्या. या पायऱ्या म्हणजेच पात्रता-फेऱ्या. लहानांनीं जूनच्या अखेरीस अथवा जुलैंत खेळावयास लागावें, तीन किंवा चार जोड्या जिंकीत वर यावें, आणि मग थोरांच्या पंक्तीस बसावें.

जुलै महिना हा यांतील मर्माचा भाग आहे. पश्चिम व मध्य युरोपांतील मोठ्या संघांचा हंगाम मे महिन्यांत संपतो. जुलैंत त्यांचे खेळाडू नुकतेच सुटीवरून आलेले असतात, कांहीं नवे विकत घेतलेले असतात, कित्येकदां शिक्षकही नवा असतो. उलट नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटें या थंड मुलखांत खेळ वसंतांत सुरू होऊन शरदांत संपतो. म्हणून जुलैंत तेथील संघ ऐन भरांत असतो. शिवाय लहानाचें मैदानही लहान, बहुधा कृत्रिम गवताचें, वाऱ्यापावसाचें, आणि त्याच्या पायाखालचें. रोहिणखेडास पाणी कोणाच्या ताब्यांत होतें हें ज्यानें वाचलें आहे त्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

१२ जुलै २०१६ रोजीं ग्लासगोचा सेल्टिक संघ, जो १९६७ सालीं याच स्पर्धेचा विजेता होता, जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्स या संघाशीं खेळावयास गेला. जिब्राल्टर म्हणजे एक खडक, त्याखालीं विमानतळ व त्यास लागून मैदान. तेथील क्लबांना युरोपच्या स्पर्धांत प्रवेश मिळून अवघीं दोन वर्षें झालेलीं. ली कॅसिआरो नांवाच्या खेळाडूनें, जो पोटासाठीं पोलिसाची नोकरी करी, उत्तरार्धाच्या आरंभींच गोल केला, आणि तो एकच गोल पुरला. आठ दिवसांनीं ग्लासगोस सेल्टिकनें ३ गोल करून हिशेब चुकता केला हें खरें. पण पहिल्या दिवसाचा निकाल कोणासही पुसतां आला नाहीं.

सेल्टिकच्या वांट्यास हें दुःख नवें नव्हतें. २००५ च्या जुलैंत स्लोव्हाकियांतील आर्टमीडिया ब्रातिस्लाव्हा या संघानें त्यांस ५ विरुद्ध ० असें हरविलें होतें. परतीच्या सामन्यांत सेल्टिकनें ४ गोल केले, पण पांचवा झाला नाहीं. आर्टमीडिया पुढें मुख्य स्पर्धेंत पोहोंचला आणि तेथें त्यानें पोर्तोस पोर्तोंतच ३-२ असें हरविलें. म्हणून केवळ दैवावर खापर फोडणाऱ्यांचें मत आम्हांस पटत नाहीं. एका सामन्यांत दैव असूं शकतें. दोन सामने जिंकून पुढेंही तसाच खेळ करणाऱ्याजवळ दैवाखेरीज आणखी कांहीं तरी असलें पाहिजे.

सेल्टिकचा गांववाला वैरी रेंजर्स २०१७ च्या जुलैंत लक्झेंबर्गच्या प्रोग्रेस नीडरकॉर्न या संघाकडून बाद झाला. नीडरकॉर्नच्या क्लबानें तोंपर्यंत युरोपांत एकही सामना जिंकलेला नव्हता. ग्लासगोस एका गोलानें हरून ते घरीं आले आणि तेथें २-० असे जिंकले. दुसरा गोल करणाऱ्याचें नांव सेबास्तियां थिल. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण चार वर्षांनीं, २८ सप्टेंबर २०२१ रोजीं, तोच गृहस्थ मोल्डोव्हाच्या शेरिफ तिरास्पोल या संघाकडून खेळत असतां माद्रिदच्या मैदानावर शेवटच्या क्षणीं लांबून चेंडू मारतो आणि रेआल माद्रिद आपल्याच अंगणांत २-१ हरतो. शेरिफ चार पात्रता-फेऱ्या जिंकून तेथवर आला होता; बेलग्रेडचा रेड स्टार व झाग्रेबचा डिनामो हे दोन मातब्बर त्यानें वाटेंत लोळविले. मात्र शेरिफला धाकटा म्हणतांना आमची लेखणी थोडी अडखळते. तो त्याच नांवाच्या एका धनाढ्य कंपनीचा संघ असून त्याच्या मुलखांत त्यास प्रतिस्पर्धी असा नाहींच. बाहेर धाकटा आणि घरांत सावकार, असा हा प्रकार आहे.

खरा धाकटा पाहावयाचा असेल तर फेरो बेटांवरील क्लाक्सविकचा. अठरा बेटें मिळून वस्ती पन्नास-पंचावन्न हजार. क्लाक्सविक गांवाची सुमारें पांच हजार, म्हणजे एखाद्या मोठ्या वऱ्हाडी खेड्याएवढी. संघांतील कित्येक खेळाडू दिवसा सुतारकाम, मास्तरकी असे उद्योग करणारे. २०२३ च्या जुलैंत त्यांची गांठ हंगेरीच्या फेरेन्तस्वारोस या नामांकित क्लबाशीं पडली. घरचा सामना ०-० असा बरोबरींत सुटला, तेव्हां बुडापेस्टास काय होणार हें सर्वांनीं ठरवूनच टाकलें होतें. तेथें क्लाक्सविकनें ३ गोल केले व एकही होऊं दिला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं हंगेरियन संघाच्या शिक्षकास घरीं बसविण्यांत आलें. थोरांच्या घरीं पराभवाचें प्रायश्चित्त नेहमीं दुसऱ्यानेंच घ्यावयाचें असतें. पुढें स्वीडनचा विजेता हॅकेन हाही त्यांनीं पेनल्टींवर बाद केला. मोल्डेपाशीं ते थांबले, परंतु तिसऱ्या दर्जाच्या युरोपीय स्पर्धेच्या गटांत जाऊन बसले, जेथें फेरो बेटांचा कोणताही क्लब त्यापूर्वीं गेला नव्हता. एक गोष्ट मात्र मनाला लागते. गटांतील घरचे सामने त्यांस आपल्या गांवच्या मैदानावर खेळतां आले नाहींत. नियमांत तें बसेना, म्हणून तोर्सहाव्न या राजधानीच्या शहरीं जावें लागलें. वर चढण्याची पहिली किंमत म्हणून पायाखालची जमीनच द्यावी लागली.

आतां आपल्याकडे वळूं. या देशांत धाकट्यांच्या सरशीचा इतिहास गोऱ्या पलटणींपासून सुरू होतो. मुंबईस १८९१ सालीं रोव्हर्स चषकाची स्पर्धा निघाली, आणि पहिला चषक वूस्टरशायर पलटणीनें नेला. पुढें किती तरी वर्षें हा चषक एका छावणींतून दुसऱ्या छावणींत जात राहिला. बूट घातलेले, मांसाहारावर पोसलेले, कवायतींत तयार झालेले सोल्जर एकीकडे आणि अनवाणी कारकून व विद्यार्थी दुसरीकडे, असा हा विषम सामना होता. त्यांतून २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहनबागाननें, बहुतेक सर्व गडी अनवाणी असतां, ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, ही कथा वाचकांस ठाऊक आहे. पण मुंबईचा दरवाजा त्यानंतरही पाव शतक बंदच होता. १९२३ सालीं मोहनबागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला व डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून १-४ असा हरला. अखेर १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक जिंकला, आणि लोकांनीं योगायोग म्हणूं नये म्हणून कीं काय, १९३८ सालीं पुन्हां जिंकला. मोहनबागानच्या कीर्तीपुढें या संघाचें नांव झांकलें गेलें हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. एकदां जिंकणारास इतिहास डोक्यावर घेतो आणि लागोपाठ दोनदां जिंकणारास विसरतो, याचें कारण तो कलकत्त्याचा नव्हता इतकेंच असावें.

स्वातंत्र्यानंतर १९५० ते १९५४ अशीं पांच वर्षें हैदराबादच्या पोलिसांनीं रोव्हर्स चषक आपल्याकडे ठेवला. पुढें २०००-०१ च्या हंगामानंतर ही स्पर्धाच बंद पडली. मुंबईच्या कूपरेज मैदानावर परप्रांतींच्या संघानें येऊन थोरांस धूळ चारावी, अशी जी सोय शंभर वर्षांवर चालत आली होती, ती गेली.

देशाबाहेरच्या दारावर पहिली मोठी धडक आपल्या बाजूनें दिली ती गोव्याच्या धेंपो क्लबानें. २००८ सालीं आशियाच्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेंत सिंगापूरच्या होम युनायटेडला बाद करून धेंपो उपांत्य फेरींत गेला. तेथवर त्यापूर्वीं कोणताही भारतीय क्लब पोहोंचला नव्हता. वरच्या दर्जाच्या स्पर्धेच्या पात्रता-फेरींत मात्र २०११ सालीं अल-ऐनपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. २०१४ सालीं पुण्याच्या पुणे एफ. सी. या संघानेंही त्या फेरींत नशीब काढून पाहिलें व तो हनोई येथें हरला. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. क्लाक्सविकही आधीं अनेक वर्षें हरतच आला होता. आमचें दुःख निराळें आहे. पुण्याचा तो क्लब पुढच्याच वर्षीं मिटला. आणि धेंपोनें २०१६ सालीं साळगांवकर व स्पोर्टिंग या गोव्याच्याच दुसऱ्या दोन जुन्या क्लबांसह राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलें. कारण असें कीं, २०१४ सालीं नवी लीग निघाली, तिच्यांतील जागा मैदानावर जिंकून मिळत नसून पैसे भरून मिळत होत्या, आणि जुन्या लीगला खालच्या मजल्यावर उतरविण्याचा बेत जाहीर झाला होता. आशियाच्या उपांत्य फेरींत गेलेल्या संघानें आपल्याच देशांत ज्या जिन्याला वरची पायरी नाहीं तो जिना चढावा कशासाठीं? खालून जिंकून वर येण्याची वाट २०२३ सालीं प्रथम खुली झाली आणि पंजाबचा संघ तीनें वर गेला. धेंपो २०२४ सालीं राष्ट्रीय आय-लीगमध्यें परतला. मधलीं आठ वर्षें कोणीं भरून द्यावयाचीं?

कोल्हापूरकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न अधिकच बोचतो. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: ज्या तालमींत पूर्वीं लाल मातींत पैलवान घडत त्यांच्याच नांवें तेथें फुटबॉलचे संघ उभे राहिले, आणि पेठेपेठेचा अभिमान त्यांच्या पायांशीं बांधला गेला. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे अर्धें शहर तेथें लोटतें. त्याच शहरांतील एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला. म्हणजे कोल्हापूरचा मुलगा जगांत गेला. कोल्हापूरचा संघ मात्र कोल्हापुरांतच राहिला. युरोपांत असतें तर, क्लाक्सविकच्या कित्येक पट वस्तीच्या या शहरानें एखाद्या आषाढांत कोणा थोराची झोंप उडविली नसती असें कोणीं म्हणावें?

आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेचें दार अखेर २०२१ सालीं उघडलें. त्या वर्षीं एफ. सी. गोवा पात्रता-फेरीशिवायच थेट गटांत गेला व मडगांवजवळ फातोर्ड्याच्या मैदानावर कतारच्या अल-रय्यानशीं दोनदां बरोबरींत सुटला. जिंकण्याचा मान मात्र मुंबईच्या वांट्यास आला. ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें मुंबई सिटीची गांठ इराकच्या हवाई दलाच्या क्लबाशीं पडली. हा क्लब १९३१ सालचा, आणि २०१६, २०१७ व २०१८ अशीं लागोपाठ तीन वर्षें आशियाच्या दुसऱ्या स्पर्धेचा विजेता. तीनच दिवसांपूर्वीं मुंबईकर अल-शबाबकडून ०-३ असे हरलेले होते. इराक्यांनीं पहिला गोल केला. सत्तराव्या मिनिटास ब्राझिलियन दिएगो मॉरिसिओनें पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि पांच मिनिटांनीं कॉर्नरवरून आलेल्या चेंडूस मुंबईच्याच राहुल भेकेनें डोक्यानें जाळ्यांत धाडलें. त्या स्पर्धेंत भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. पुढच्या भेटींतही मुंबईनें त्याच इराकी संघास १-० हरविलें व ७ गुणांवर गटांत दुसरें स्थान मिळविलें.

या विजयाचा आनंद आम्हांसही झाला. तथापि शेरिफविषयीं जें लिहिलें तें येथें विसरून चालणार नाहीं. मुंबई सिटीमध्यें मँचेस्टरच्या बड्या मालकांचा पैसा २०१९ सालींच आला होता. पुण्याचा मिटलेला क्लब किंवा गोव्याचा जुना धेंपो यांच्या पंक्तीस तो संघ बसत नाहीं. पुढच्या खेपेस, २०२३ सालीं, त्यानें जमशेदपूरला एकाच निर्णायक सामन्यांत ३-१ हरवून पुन्हां आशियांत प्रवेश मिळविला आणि गटांतील सहाही सामने गमावले. यजमानपदाचा पहिला सामना पुण्यास बालेवाडींत घ्यावा लागला. क्लाक्सविकसारखाच हाही संघ आपल्या गांवाबाहेर यजमान झाला. २०२४ पासून आशियाची वरची स्पर्धा चोवीस संघांपुरती आंखडली गेली आणि भारतीय क्लबांचा मार्ग दुसऱ्या दर्जाकडे वळला. युरोपांतही एप्रिल २०२१ मध्यें बारा धनिक क्लबांनीं आपली निराळी, बंद दाराची लीग जाहीर केली होती. इंग्लंडांतील प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत ती कोसळली. रेआल माद्रिद हा तिच्या पुढाऱ्यांपैकीं होता. पांच महिन्यांनीं थिलचा चेंडू त्यांच्या जाळ्यांत गेला, हा इतिहासाचा विनोद आम्हांस फार आवडतो.

रोहिणखेडची जी लढाई आम्ही सांगितली तिलाही परतीचा सामना होताच. बुऱ्हाण चार वर्षांत वारला. १५९६ सालीं वऱ्हाड मोगलांस द्यावा लागला. आणि ज्या राजा अलीखानाच्या बळावर बुऱ्हाण जिंकला होता तो १५९७ सालीं गोदावरीकांठीं मोगलांच्या बाजूनें अहमदनगरकरांशींच लढतां लढतां पडला. भाच्यास हें सांगितलें तेव्हां तो थोडा खिन्न झाला. “म्हणजे शेवटीं थोरच जिंकले,” असें तो पुटपुटला. मग त्यानें मोबाइल काढून पात्रता-फेरीच्या पुढील सोडतीची तारीख पाहिली, ती आमच्या पंचांगाच्या आषाढाच्या पानावर पेन्सिलीनें टिपली, आणि त्या रात्रीं आपण जागे राहणार कीं नाहीं हें आम्हांस दोनदां विचारून घेतलें.